युरोपच्या एकत्रित पेटंट कोर्टात उतरण्याआधी: खर्च, मुदती आणि यशाची शक्यता

युरोपात पेटंटचा दावा लावायचा की नाही हे ठरवताना पहिला प्रश्न असतो, आपलं पेटंट भक्कम आहे का. तो बरोबरच आहे. पण 1 जून 2023 ला युनिफाइड पेटंट कोर्ट, म्हणजे यूपीसी, सुरू झाल्यापासून दुसरा एक प्रश्न तितकाच मोठा झाला आहे: या वादाची किंमत किती युरो लिहायची? कोर्टाची फी, हरल्यावर समोरच्याच्या वकिलांपोटी द्यायची रक्कम आणि कधी कधी आधीच भरावी लागणारी हमी, हे सगळं त्या एका आकड्यावर बेतलेलं असतं. नवखे लोक तो आकडा वकिलावर सोपवतात आणि निकालाच्या दिवशी हबकतात.

हा लेख दोन्ही बाजूंसाठी आहे. युरोपियन पेटंट घेतलेली आणि कुणीतरी माल कॉपी करतंय असं वाटणारी कंपनी, आणि पुण्याहून, नाशिकहून किंवा वापीहून युरोपात माल पाठवणारी, जिच्या दारात नोटीस येऊन धडकू शकते अशी कंपनी. प्रत्यक्ष दाव्यासाठी वकील लागेलच, त्याला पर्याय नाही. पण वकिलासमोर बसताना हिशेब आपल्याला कळलेला असला पाहिजे.

पायरी 1: कोर्टाचा नकाशा डोक्यात बसवा

यूपीसी हे युरोपियन युनियनच्या काही सदस्य देशांनी करार करून उभं केलेलं सामायिक कोर्ट आहे. करारावर सह्या फेब्रुवारी 2013 मध्ये झाल्या, कोर्ट उघडायला दहा वर्षं गेली. सुरुवात 17 देशांनी झाली. 1 सप्टेंबर 2024 ला रोमानिया आला आणि संख्या 18 झाली. जर्मनी, फ्रान्स, इटली, नेदरलँड्स, बेल्जियम, ऑस्ट्रिया, स्वीडन, डेन्मार्क आणि पोर्तुगाल त्यात आहेत. स्पेन आणि पोलंड बाहेर आहेत, आयर्लंडने सही केली पण मंजुरी दिलेली नाही, आणि ब्रिटनने 2020 मध्ये अंग काढून घेतलं. म्हणून "युरोपभर मनाई हुकूम" हे शब्द कानावर पडले की हे अपवाद आठवा.

खालच्या पातळीवर स्थानिक विभाग आहेत. एकट्या जर्मनीत चार: म्युनिक, ड्युसेलडॉर्फ, मॅनहाइम, हॅम्बर्ग. बाकी पॅरिस, हेग, मिलान, ब्रुसेल्स, व्हिएन्ना वगैरे. स्वीडन आणि तीन बाल्टिक देशांचा मिळून एक प्रादेशिक विभाग स्टॉकहोममध्ये बसतो. पेटंट रद्द करा असा स्वतंत्र दावा केंद्रीय विभागाकडे जातो, आणि तो पॅरिस, म्युनिक व मिलान असा विभागलेला आहे. अपील लक्झेंबर्गला.

पायरी 2: तुमचं पेटंट या कोर्टाच्या कक्षेत आहे का, ते आज तपासा

युरोपियन पेटंट ऑफिसने दिलेलं पेटंट दोन प्रकारे जगतं. एक, जुन्या पद्धतीने देशोदेशी वैध करून घेतलेलं. दुसरं, मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून एका महिन्यात अर्ज करून घेतलेलं युनिटरी पेटंट, जे सगळ्या सहभागी देशांत एकच हक्क म्हणून चालतं. युनिटरी पेटंट कायम यूपीसीच्याच हाताखाली असतं. जुन्या पद्धतीचं पेटंट आपोआप कक्षेत येतं, पण संक्रमण काळात मालकाला ते बाहेर काढता येतं. यालाच सगळे ऑप्ट-आउट म्हणतात. हा काळ सात वर्षांचा आहे, म्हणजे 31 मे 2030 पर्यंत, आणि तो आणखी सात वर्षांपर्यंत वाढू शकतो. कोर्ट ऑप्ट-आउटची फी घेत नाही.

ऑप्ट-आउट का करायचं? कारण यूपीसीत पेटंट रद्द झालं तर ते एका फटक्यात सगळ्या सहभागी देशांत जातं. ज्या एका पेटंटवर कंपनीचा अर्धा धंदा उभा आहे, ते अशा एकाच निकालावर टांगून ठेवायचं का, हा मालकाने शांतपणे करायचा विचार आहे. माझं मत स्पष्ट आहे: सगळ्यात मौल्यवान आणि थोडं कच्चं वाटणारं पेटंट बाहेर ठेवा, भक्कम आणि सहज सिद्ध होणारं आत ठेवा. ऑप्ट-आउट नंतर मागे घेऊन आत येता येतं, पण मधल्या काळात त्या पेटंटवर एखाद्या देशाच्या कोर्टात खटला सुरू झाला असेल तर तो दरवाजा बंद होतो.

दोन गोष्टींत लोक अडकतात. पेटंट सामायिक मालकीचं असेल तर सगळ्या देशांतल्या सगळ्या खऱ्या मालकांनी मिळून ऑप्ट-आउट द्यावं लागतं. रजिस्टरवर अजून जुन्या मालकाचं नाव आहे म्हणून त्याच्या सहीने अर्ज केला, तर तो पोकळ ठरू शकतो. आणि एखाद्या देशाने थेट दिलेलं राष्ट्रीय पेटंट, उदाहरणार्थ जर्मन पेटंट, यूपीसीत येतच नाही.

पायरी 3: वादाचं मूल्य ठरवा आणि कागदावर हिशेब मांडा

ही पायरी घाईने उरकू नका.

उल्लंघनाच्या दाव्याची फी दोन तुकड्यांत असते. एक ठरलेली रक्कम आणि दुसरी वादाच्या मूल्यावर चढत जाणारी. कोर्ट सुरू झालं तेव्हा ठरलेली रक्कम 11,000 युरो होती. मूल्य 5 लाख युरोंपर्यंत असेल तर वर काही नाही. 10 लाख युरोंच्या वादावर आणखी 4,000, 20 लाखांवर 13,000, 50 लाखांवर 32,000, एक कोटीवर 65,000, आणि 5 कोटींच्या वर 3,25,000. 1 जानेवारी 2026 पासून हे दर साधारण एक तृतीयांशाने वाढले आणि ठरलेली रक्कम 14,600 झाली. पेटंट रद्द करण्याच्या स्वतंत्र दाव्याची फी 20,000 वरून 26,500 युरो झाली. लघु आणि सूक्ष्म उद्योगांना फीत सवलत मिळते, मात्र त्यासाठी आपण त्या व्याख्येत बसतो हे कागदोपत्री दाखवावं लागतं.

फी वाचून बहुतेकांना वाटतं, एवढंच? खरा खर्च दुसरीकडे आहे. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा वाजवी खर्च द्यायचा, हा इथला नियम आहे. वकील आणि पेटंट अॅटर्नींवरच्या खर्चाच्या या वसुलीला मूल्यानुसार कमाल मर्यादा घातलेली आहे. अडीच लाख युरोंपर्यंतच्या वादाला 38,000, 5 लाखांपर्यंत 56,000, 10 लाखांपर्यंत 1,12,000, 20 लाखांपर्यंत 2 लाख, 40 लाखांपर्यंत 4 लाख, 80 लाखांपर्यंत 6 लाख युरो, आणि अशी चढत 5 कोटींच्या वरच्या वादाला 20 लाख युरो. खटला गुंतागुंतीचा असेल तर कोर्ट मर्यादा वाढवू शकतं, आणि छोट्या कंपनीचं अस्तित्वच धोक्यात येणार असेल तर कमीही करू शकतं. या मर्यादेत कोर्ट फी धरलेली नाही, ती वेगळी.

आता एक उदाहरण मांडू. समजा वाद 20 लाख युरोंचा आहे. रुपयात विचार करायला सोपं जावं म्हणून युरो शंभर रुपये धरतो, म्हणजे वीस कोटींचा वाद. नव्या दराने कोर्ट फी 32,000 युरोंच्या आसपास. तुमच्या युरोपियन वकिलांनी पहिल्या पातळीपर्यंतचं कोटेशन, समजा, अडीच लाख युरोंचं दिलं. प्रतिवादीने पेटंट रद्द करण्याचा प्रतिदावा केला, तर त्याची फी उल्लंघनाच्या दाव्याइतकीच असते, पण 26,500 युरोंवर थांबते.

तुम्ही हरलात तर: स्वतःची फी 32,000, स्वतःचे वकील 2,50,000, समोरच्याचे वकील 2,00,000 पर्यंत, त्याची प्रतिदाव्याची फी 26,500. बेरीज पाच लाख युरोंच्या थोडी वर, म्हणजे पाच कोटी रुपयांहून जास्त. तुम्ही जिंकलात तर फी आणि 2 लाखांपर्यंतचा वकिलाचा खर्च परत मिळतो, पण वरचे 50,000 खिशातूनच जातात. अनुवाद, तज्ज्ञांचा अहवाल, प्रवास हे यात धरलेलंच नाही, आणि लक्झेंबर्गच्या अपिलाला पुन्हा नवी फी व नवे वकिलांचे तास.

हाच तक्ता आपल्या आकड्यांनी भरा. मूल्य कमी दाखवलं की फी घटते आणि हरल्यावरचा बोजाही घटतो, पण जिंकल्यावरची वसुलीही आखडते. फुगवलं तर उलट. शिवाय मूल्याचा शेवटचा शब्द कोर्टाचा असतो. दावेदाराला त्या हक्कातून खरंच काय मिळालं असतं ते कोर्ट पाहतं, आणि बहुतेकदा समोरच्याच्या विक्रीवर वाजवी रॉयल्टी लावून हिशेब केला जातो. म्हणून विक्रीचे आकडे गोळा करण्याचं काम वकील नेमण्याच्या आधीच सुरू करा.

पायरी 4: हमीची रक्कम हाताशी ठेवा

भारतीय दावेदारांनी हे जरूर वाचावं. दावेदार हरला तर त्याच्याकडून खर्च वसूल होणार नाही अशी भीती प्रतिवादीने पटवून दिली, तर कोर्ट दावेदाराला आधीच हमी भरायला सांगू शकतं: बँक गॅरंटी किंवा रोख. मुदतीत भरली नाही तर दावा तिथेच गुंडाळला जाऊ शकतो. भारताच्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44अ खाली ज्या देशांच्या कोर्टांचे हुकूम थेट बजावता येतात, त्या यादीत ब्रिटन आणि सिंगापूर आहेत, जर्मनी आणि फ्रान्स नाहीत. युरोपात मालमत्ता नसलेल्या भारतीय कंपनीविरुद्ध प्रतिवादीचा वकील हा मुद्दा पुढे करणारच. तुमची युरोपात उपकंपनी असेल, तिच्या खात्यात पैसे असतील, तर त्याचे कागद तयार ठेवा. नसेल, तर हमीची रक्कम पायरी 3 च्या तक्त्यात वेगळी ओळ म्हणून लिहा, कारण ती निकालापर्यंत अडकून राहते आणि खेळतं भांडवल खाते.

पायरी 5: वकील, विभाग, भाषा

भारतातल्या वकिलाला इथे उभं राहता येत नाही. सदस्य देशात वकिली करण्याचा परवाना असलेला वकील, किंवा खटले चालवण्याची जादा पात्रता मिळवलेला युरोपियन पेटंट अॅटर्नीच चालतो. जिथे उल्लंघन झालं किंवा जिथे प्रतिवादी बसतो, त्या जागेचा विभाग निवडता येतो. माल युरोपभर विकला जात असेल तर निवड बरीच मोकळी असते. उल्लंघनाचे बहुतेक दावे जर्मन विभागांत, त्यातही म्युनिकमध्ये जातात. भाषेची काळजी आता फार करू नका. सुरुवातीला जर्मन पुढे होती, नंतर इंग्रजीने तिला मागे टाकलं.

पायरी 6: मुदतींचं कॅलेंडर भिंतीवर लावा

या कोर्टाचा वेग हेच त्याचं मोठं आकर्षण आहे आणि प्रतिवादीसाठी मोठं संकट. तोंडी सुनावणीपर्यंत साधारण वर्षभरात पोचायचं असं त्याचं धोरण आहे. भारतातल्या तारखांची सवय असलेल्या माणसाला हे पचायला जड जातं. दाव्याची बजावणी झाली की अधिकारक्षेत्रासारखे प्राथमिक आक्षेप एका महिन्यात, आणि पूर्ण जबाब तीन महिन्यांत. पेटंट रद्द करण्याचा प्रतिदावा त्या जबाबातच घालायचा. त्यावर दावेदाराला उत्तरासाठी दोन महिने. सुनावणी बहुधा एकाच दिवसात आटोपते. अपील करायचं तर निकालापासून दोन महिन्यांत अर्ज आणि चार महिन्यांत कारणं.

जबाबाचे तीन महिने म्हणजे जुनी कागदपत्रं शोधणं, तज्ज्ञ गाठणं, डिझाइनच्या फाइली काढणं आणि पेटंट का टिकत नाही ते लिहिणं, हे सगळं नव्वद दिवसांत. "पुढच्या तारखेला पुरावा देऊ" हे इथे चालत नाही, सगळं पहिल्याच कागदात हवं. दावेदाराच्या हातात मात्र त्याआधी हवा तेवढा वेळ असतो. बजावणीचा समन्स भारतात यायचा असेल तर तो हेग कराराच्या मार्गाने येतो आणि महिने लागतात. पण त्यावर विसंबू नका, कारण दावेदार तुमच्या युरोपियन वितरकालाही प्रतिवादी करतो आणि त्याला कागद काही दिवसांत मिळतात. आणि करारात तशी हमी लिहिलेली असेल, तर तो वितरक तुमच्याकडेच बोट दाखवतो. तेव्हा वितरक करारातलं नुकसानभरपाईचं कलम आजच काढून वाचा.

पायरी 7: यशाची शक्यता प्रामाणिकपणे तोला

टक्केवारीच्या मागे लागण्यापेक्षा तीन प्रकरणं नीट पाहा.

पहिलं प्रकरण आपल्या जवळचं आहे. वापीची मेरिल लाइफ सायन्सेस कृत्रिम हृदयझडपा बनवते. अमेरिकेच्या एडवर्ड्स लाइफसायन्सेसने कोर्ट उघडल्यावर लगेच म्युनिक विभागात तिच्यावर दावा लावला. मेरिलच्या इटलीतल्या कंपनीने पॅरिसच्या केंद्रीय विभागात तेच पेटंट रद्द करण्याचा दावा केला, बाकीच्यांनी प्रतिदावे केले. जुलै 2024 मध्ये पॅरिसने पेटंट सुधारित स्वरूपात टिकवलं, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये म्युनिकने उल्लंघन मान्य करून मेरिलविरुद्ध मनाई हुकूम दिला. एक भारतीय कंपनी या कोर्टाच्या पहिल्याच फळीतल्या खटल्यांत होती, हे आपल्याकडच्या निर्यातदारांपैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. बारकाईने पाहण्याजोगी गोष्ट ही, की पेटंट जसंच्या तसं टिकलं नाही, आखडून टिकलं, आणि तेवढंही उल्लंघनासाठी पुरलं.

दुसरं, टेनएक्स जीनॉमिक्स विरुद्ध नॅनोस्ट्रिंग. सप्टेंबर 2023 मध्ये म्युनिकने तात्पुरता मनाई हुकूम दिला, आणि नॅनोस्ट्रिंगचं उपकरण त्या वेळच्या 17 देशांत विकणं थांबलं. 26 फेब्रुवारी 2024 ला अपील कोर्टाने तो हुकूम उठवला, कारण पेटंट टिकण्याऐवजी पडण्याचीच शक्यता जास्त दिसली. तोवर नॅनोस्ट्रिंगने अमेरिकेत दिवाळखोरी संरक्षणाचा अर्ज केलेला होता. त्यामागे अमेरिकेतल्या खटल्याचा भारही होता. तरी पाच महिन्यांच्या बंदीने कंपनीचं काय होऊ शकतं, याचा विचार दोन्ही बाजूंनी करावा. तात्पुरता हुकूम पुढे उठला तर तो मागणाऱ्याला भरपाई द्यावी लागू शकते.

तिसरं, अॅमजेन विरुद्ध सनोफी. जुलै 2024 मध्ये म्युनिकच्या केंद्रीय विभागाने अॅमजेनचं कोलेस्टेरॉलवरच्या औषधाचं पेटंट रद्द केलं. 25 नोव्हेंबर 2025 ला अपील कोर्टाने निकाल फिरवून पेटंट जिवंत केलं आणि शोधातली कल्पकता कशी तपासायची याची चौकट घालून दिली. म्हणजे पहिल्या पातळीवर हरलात तर सगळं संपलं असं नाही, आणि जिंकलात तरी निकाल फिरू शकतो.

माझा अनुभव असा की पेटंट टिकेल का हा प्रश्न उल्लंघन झालं का यापेक्षा जास्त वेळा निर्णायक ठरतो. म्हणून फी भरण्याआधी तुमच्या प्रकरणाशी काहीही संबंध नसलेल्या पेटंट अॅटर्नीला पेटंट रद्द करण्याचा खटला लिहायला सांगा, जणू तो समोरच्याचाच वकील आहे. काही हजार युरो जातील. त्याचं लिखाण वाचून तुमच्या मनात शंका आली, तर तेवढ्यावर लाखभर युरो वाचले असं समजा.

पायरी 8: प्रदर्शनाला जाताय? संरक्षण पत्र आधी

ही पायरी फक्त संभाव्य प्रतिवादींसाठी. जून 2023 मध्ये, कोर्ट उघडून तीन आठवडे झाले होते, फ्रँकफुर्टला युरोबाइक हे सायकलींचं प्रदर्शन भरलं होतं. मायस्ट्रोमरने रिव्हॉल्ट झायक्लिंगविरुद्ध ड्युसेलडॉर्फ विभागात अर्ज केला आणि 22 जूनला, त्याच दिवशी, समोरच्याला सुनावणीला न बोलावताच मनाई हुकूम मिळाला. स्टॉल मांडून ग्राहकांशी बोलत असताना असा कागद हातात पडला तर वर्षभराची तयारी आणि नमुने सगळं बाजूला पडतं. शिवाय पुरावा जपण्यासाठी कोर्टाची माणसं कारखान्यात किंवा स्टॉलवर येऊन तपासणी करू शकतात, तेही आधी न सांगता.

उपाय साधा आहे. कुणी आपल्यावर येईल अशी धास्ती असेल तर कोर्टात संरक्षण पत्र दाखल करा. त्यात आपला माल त्या पेटंटात का बसत नाही, किंवा पेटंट का पोकळ आहे, ते लिहा. पत्र सहा महिने टिकतं, मुदत वाढवता येते, आणि फी काही शे युरोंची आहे. प्रतिस्पर्ध्याने अर्ज केला की ते न्यायाधीशांसमोर आपोआप ठेवलं जातं. हॅनोव्हर, फ्रँकफुर्ट किंवा ड्युसेलडॉर्फच्या प्रदर्शनाचं स्टॉलभाडं भरणाऱ्या प्रत्येक कंपनीने याची चौकशी करावी असं मला कळकळीने वाटतं. दावेदारांसाठी उलटी सूचना: उल्लंघन कळूनही महिना-दोन महिने गप्प बसलात, तर तातडी नाही असं म्हणून अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

पायरी 9: स्वस्त रस्ता आणि माघारीचा हिशेब

प्रतिस्पर्ध्याचं नवं पेटंट आडवं येतंय असं दिसलं, तर मंजुरीपासून नऊ महिन्यांत युरोपियन पेटंट ऑफिसात विरोध नोंदवता येतो. फी हजार युरोंच्या आसपास, आणि तिथे साधारणपणे ज्याचा खर्च त्याने सोसायचा. यूपीसीत रद्द करण्याच्या दाव्याला साडेसव्वीस हजार आणि हरलात तर समोरच्याचे वकीलही. विरोधाला वेळ जास्त लागतो, पण त्याच पेटंटवर यूपीसीत खटला सुरू असेल तर ऑफिस वेग वाढवतं. म्हणून नऊ महिन्यांची ती तारीख चुकवू नका.

आणि खटला सुरू झाल्यावरही तडजोडीची दारं उघडी असतात. हुआवेने डिसेंबर 2024 मध्ये म्युनिकला नेटगिअरविरुद्ध निकाल मिळवला, आणि जानेवारी 2025 मध्ये दोघांनी समझोता केला. लवकर मिटवलं तर फी काही प्रमाणात परत मिळते: लेखी टप्पा संपायच्या आत 60 टक्के, मधला टप्पा संपायच्या आत 40, तोंडी टप्पा संपायच्या आत 20. पायरी 3 च्या उदाहरणात लेखी टप्प्यात मिटवलं तर 32,000 पैकी सुमारे 19,000 युरो परत येतात. तुमच्या वकिलाला दावा दाखल करतानाच विचारा की लेखी टप्पा नेमका कोणत्या तारखेला संपतो, आणि तडजोडीची पहिली बैठक त्या तारखेच्या महिनाभर आधी ठरवून टाका.